चिनी व्याही पुण्याला येणार: व्हिसाचा अर्ज न अडकता कसा भरावा

सून चीनची, मुलगा पुण्याचा, आणि आता सुनेचे आईवडील नातवंडाला बघायला येणार. अशा घरात व्हिसाचा अर्ज बहुतेक वेळा मुलगा आणि सून मिळून भरतात, कारण संकेतस्थळ इंग्रजीत असतं आणि व्याही-विहीणबाईंना इंग्रजीची सवय नसते. अर्ज तसा अवघड नाही. तो अडतो ते एका कारणानं. नाव, तारीख, पत्ता, गाव, वय या सगळ्या गोष्टी लिहायची चिनी रीत वेगळी आणि आपली वेगळी. भरणारा दोन्ही रीती मिसळतो आणि कागदांचा मेळ बसत नाही. म्हणून संकेतस्थळ उघडायच्या आधी एक संध्याकाळ फक्त या माहितीचा तक्ता तयार करायला द्या. त्या एका संध्याकाळीनं पुढचे हेलपाटे वाचतात, आणि ते हेलपाटे साठी-पासष्टीच्या माणसांना, कधी कधी वेगळ्या शहरात जाऊन, मारावे लागणार असतात.

कोणता व्हिसा आणि कधी

नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांसाठी पर्यटक व्हिसाच लागतो. सहल आणि नातलगांची भेट दोन्ही त्यात बसतं. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला 'एंट्री' व्हिसाची वेगळी वाट असते, पण ती जोडीदारापुरती. सासू-सासऱ्यांना तिच्यात बसवायचा प्रयत्न करू नका.

चिनी नागरिकांना पर्यटक व्हिसा देणं भारतानं २०२० साली थांबवलं होतं, ते २४ जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू केलं. चीनमधून अर्ज करताना तीन टप्पे असतात: अर्ज ऑनलाइन भरून छापायचा, भेटीची वेळ घ्यायची, आणि मग पासपोर्ट व कागद घेऊन बीजिंग, शांघाय किंवा ग्वांगझोऊ इथल्या भारतीय व्हिसा अर्ज केंद्रात स्वतः जायचं. भारत सरकारच्या एकाच संकेतस्थळावर ई-व्हिसा आणि नेहमीचा व्हिसा असे दोन्ही दरवाजे शेजारी-शेजारी आहेत. व्याह्यांसाठी नेहमीचा, म्हणजे 'रेग्युलर' व्हिसाचा अर्ज उघडा. ई-व्हिसाच्या रकान्यात शिरून अर्धा तास घालवणारे बरेच असतात. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, ते नक्की बघा. हुबेहूब दिसणारी खासगी पानं त्याच कामाचे वेगळे पैसे घेतात.

वेळेचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. व्हिसाची मुदत छापल्या दिवसापासून सुरू होते, विमान उतरल्या दिवसापासून नाही. दिवाळीला यायचं म्हणून उन्हाळ्यातच व्हिसा काढून ठेवला, तर दिवाळीपर्यंत त्यात फार थोडे दिवस उरलेले असू शकतात. उलट फार उशीर केला तर चिनी सुट्ट्या आडव्या येतात: जानेवारी-फेब्रुवारीतलं वसंतपर्व, मे महिन्याच्या सुरुवातीची सुट्टी, १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा. शिवाय भारतीय वकिलातीला आपल्या सणांच्या सुट्ट्या असतात. दोन्ही देशांची दिनदर्शिका समोर ठेवूनच तारीख धरा. व्हिसा हातात येईपर्यंत ज्याचे पैसे परत मिळत नाहीत असं तिकीट काढू नका.

पर्यटक व्हिसा इथे आल्यावर वाढवून मिळेल, या भरवशावर राहू नका. किती दिवस राहायचं ते आधीच ठरवा आणि अर्जात तेच लिहा.

तक्ता: पासपोर्ट, ओळखपत्र, हुकोऊ

व्याह्यांकडून तीन गोष्टी मागवा: पासपोर्टचं माहितीचं पान, ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, आणि हुकोऊची सगळी पानं. हुकोऊ म्हणजे त्यांची कुटुंबनोंदणीची वही, आपल्या रेशनकार्डासारखी पण त्याहून कितीतरी तपशीलवार. चिनी माणसं वापरतात ते वीचॅट हे चॅट ॲप भारतात जून २०२० पासून बंद आहे, त्यामुळे हे ईमेलनंच मागवावं लागेल. त्यांच्याकडे जीमेल उघडत नाही, म्हणून त्यांचा चिनी ईमेल वापरा, आणि अर्जातही तोच द्या. फोटो चॅटवरून पाठवले की आकसतात आणि अक्षरं पुसट होतात; फाइल म्हणून जोडायला सांगा.

पासपोर्ट अर्ज करताना किमान सहा महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. मोठ्यांचा चिनी पासपोर्ट १० वर्षांचा असतो, १६ वर्षांखालच्या मुलांचा ५ वर्षांचा, त्यामुळे सोबत लहान भाचा येणार असेल तर त्याची मुदत वेगळी तपासा.

आता नाव. चिनी पासपोर्टवर आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव असं छापलेलं असतं. आडनाव बहुधा एका अक्षराचं असतं: वांग, ली, झांग. नावात दोन चिनी अक्षरं असली तरी रोमन लिपीत ती एकच शब्द म्हणून जोडून छापतात. अर्जातही तशीच जोडून लिहा. मध्ये जागा नको, आडवी रेघ नको. सुनेला घरात 'शिआओ मिंग' असं तोडून लिहायची सवय असली तरी पासपोर्ट जे म्हणतो तेच खरं. चिनी 'ल्यू' किंवा 'न्यू' या उच्चारांची एक खास गंमत आहे: त्यातला स्वर इंग्रजीत नाही, म्हणून नव्या पासपोर्टवर तो 'वाय-यू' असा येतो, तर बँकेच्या किंवा जुन्या कागदांवर तोच 'व्ही' किंवा नुसता 'यू' असतो. विमानाचं तिकीट, बँकेचा दाखला, निमंत्रणपत्र, सगळीकडे पासपोर्टचंच स्पेलिंग हवं.

चीनमध्ये लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. त्यामुळे विहीणबाईंचं आडनाव व्याह्यांच्या आडनावापेक्षा वेगळं असेल, आणि सुनेचं बहुधा वडिलांचं असेल. पुण्यात अर्ज भरणाऱ्याचा हात नकळत विहीणबाईंना नवऱ्याचं आडनाव लावतो. तसं करू नका. नाव कधी बदललं होतं का, असाही प्रश्न अर्जात आहे. हुकोऊमध्ये पूर्वीच्या नावाचा एक रकाना असतो. तो भरलेला असेल तर इथे 'होय' लिहून जुनं नाव द्यायचं. त्या पिढीत बालपणीचं नाव पुढे बदलल्याची उदाहरणं असतात, आणि ते सुनेला माहीत असेलच असं नाही.

जन्मतारीख ओळखपत्राच्या क्रमांकावरून पडताळता येते. चिनी ओळखपत्राचा क्रमांक १८ अंकी असतो: पहिले सहा अंक प्रदेशाचे, पुढचे आठ जन्मतारखेचे, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, मग तीन अंक क्रमाचे, आणि शेवटचा पडताळणीचा. या शेवटच्या जागी अंकाऐवजी इंग्रजी 'एक्स' असू शकतो. ती चूक समजून शून्य लिहू नका. अर्जात 'सिटिझनशिप' किंवा राष्ट्रीय ओळख क्रमांक विचारतात, तिथे हाच पूर्ण क्रमांक जातो. वयस्क माणसं घरात वाढदिवस चांद्र पंचांगानं साजरा करतात, आणि वय सांगताना जन्माचंच वर्ष पहिलं धरतात. म्हणून तोंडी सांगितलेली तारीख आणि वय दोन्ही बाजूला ठेवा. अर्जात दिवस-महिना-वर्ष असा क्रम लागतो, तर चिनी कागदांवर वर्ष आधी. १० जून आणि ६ ऑक्टोबर यांची अदलाबदल इथेच होते.

जन्मगाव हा आणखी एक फसवा रकाना. पासपोर्टवर फक्त प्रांत छापतात, अर्ज मात्र गाव किंवा शहर विचारतो. ते हुकोऊत सापडतं. पण तिथे शेजारीच मूळगावाचा रकानाही असतो, म्हणजे वाडवडिलांचं गाव, जिथे व्याही कधी राहिलेही नसतील. आपण 'मूळचे कोकणातले' म्हणतो आणि जन्म सदाशिव पेठेतला असतो, तसंच हे. अर्जात जन्माचं गाव जायला हवं.

पत्ता उलटा लिहा. चिनी पत्ता प्रांतापासून सुरू होऊन घरक्रमांकावर संपतो, अर्ज घरक्रमांकापासून सुरू होतो. चीनचा पोस्ट कोड सहा अंकी आणि आपला पिनकोडही सहा अंकी, त्यामुळे दोन्ही पत्ते समोर असताना ४११ नं सुरू होणारा क्रमांक भलत्याच रकान्यात जातो. मोबाइलही तपासा: त्यांचा ११ अंकी, १ नं सुरू होणारा, देशाचा कोड ८६, आपला १० अंकी, कोड ९१. पुण्याचा पत्ता लिहिताना 'सर्व्हे नंबर अमुक/तमुक, अमक्या मंदिरामागे' अशी लांबण लावू नका. तिरक्या रेघा आणि चिन्हं काही रकाने घेत नाहीत आणि अक्षरांची मर्यादा असते. फ्लॅट, इमारत, रस्ता, भाग, पुणे, पिनकोड एवढं पुरतं, पण तेच निमंत्रणपत्रावर आणि वीजबिलावर जुळायला हवं.

अर्जाच्या आत

पहिल्या पानावर कोणत्या कार्यालयाकडे अर्ज जाणार ते निवडायचं असतं. शांघायकडे शांघायसह जिआंगसू आणि झेजियांग, ग्वांगझोऊकडे दक्षिणेकडचे प्रांत, बाकीचे बहुतेक बीजिंगकडे. हुकोऊ एका प्रांताचा आणि प्रत्यक्ष राहणं दुसऱ्या, असं असेल तर राहत्या ठिकाणाचा निवास परवाना सोबत ठेवा. कार्यालय चुकलं तर अर्ज नव्यानं भरावा लागतो.

पहिलं पान जतन झालं की तात्पुरता अर्ज क्रमांक मिळतो. तो लगेच लिहून ठेवा. संकेतस्थळ मधेच बाहेर काढतं, आणि क्रमांक नसेल तर पुन्हा श्रीगणेशा. शेवटचं 'सबमिट' झाल्यावर मात्र एकही अक्षर बदलता येत नाही. त्यामुळे शेवटचं पान सुनेनं मोठ्यानं वाचावं आणि आईवडिलांनी पासपोर्ट हातात धरून ऐकावं. दहा मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका.

धर्माच्या रकान्यात व्याही 'काहीच नाही' म्हणाले, तर 'इतर' निवडून तसं लिहा. उगाच बौद्ध लिहू नका. आईवडिलांच्या रकान्यात व्याह्यांचे स्वतःचे आईवडील येतात, हयात नसले तरी. त्यांची नावं रोमन लिपीत कशी लिहायची आणि जन्मगाव कोणतं, हे आधी विचारून तक्त्यात घ्या, कारण ऐन वेळी ते कोणालाच आठवत नाही. आईवडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का, हा प्रश्न सगळ्यांनाच असतो. तो वाचून घाबरू नका.

नोकरीच्या पानावर निवृत्त माणसानं 'निवृत्त' निवडलं, तरी आधीचा व्यवसाय आणि कुठे काम केलं ते द्यावं लागतं. खाली सैन्य, निमलष्करी दल, पोलीस किंवा सुरक्षा संस्थेत काम केलं का, असा प्रश्न आहे. चीनमध्ये तरुणपणी काही वर्षं सैन्यात काढून मग कारखान्यात गेलेली माणसं पुष्कळ आहेत. 'फार जुनी गोष्ट' म्हणून 'नाही' लिहू नका. संस्था, हुद्दा, नेमणुकीचं ठिकाण खरं लिहा. खरी माहिती दिली तर फार तर वेळ जास्त लागेल, पण खोटं उत्तर सापडलं तर पुढची सगळी दारं बंद होतात.

प्रवासाचा भाग दोन तुकड्यांत आहे. गेल्या दहा वर्षांत कोणत्या देशांत गेलात, आणि गेल्या तीन वर्षांत सार्क देशांपैकी कुठे गेलात. मालदीव, नेपाळ, श्रीलंका या चिनी पर्यटकांच्या आवडीच्या जागा आहेत, आणि व्याह्यांच्या लेखी ती 'समुद्रकिनाऱ्याची सहल' असते, 'सार्क देश' नव्हे. स्वतंत्रपणे एकेका देशाचं नाव घेऊन विचारा. दहा वर्षांचा हिशेब जुन्या पासपोर्टवरून काढा. आधी भारतात आले असतील तर तेव्हाच्या व्हिसाचा क्रमांक, जागा, तारीख आणि फिरलेली शहरं लागतात.

भेटीच्या ठिकाणांत पुणे आधी लिहा, मग जिथे खरंच जाणार ती शहरं. अजिंठा बघायचं असेल तर छत्रपती संभाजीनगर लिहा. जुन्या पिढीच्या चिनी माणसांना सोलापूर दाखवायचं मनात असतं, आणि असायलाच हवं: डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथले, आणि १९३८ साली चीनला गेलेल्या या डॉक्टरांना ते 'के दिहुआ' या नावानं ओळखतात. जायचं नक्की असेल तर सोलापूरही लिहा. लडाख, सिक्कीम, अरुणाचल मात्र सहज सुचलं म्हणून घालू नका. संरक्षित भागांसाठी चिनी नागरिकांना गृह मंत्रालयाची आगाऊ मंजुरी लागते, आणि त्या एका शब्दापायी सगळा अर्ज रेंगाळू शकतो.

येण्या-जाण्याचं विमानतळ ठरलेल्या मार्गाप्रमाणे लिहा. बहुतेक जण मुंबईला उतरून रस्त्यानं पुण्याला येतात, तर 'मुंबई' लिहा, 'पुणे' नको. सिंगापूरमार्गे येणार असतील तर एक सोय आहे: ९ फेब्रुवारी २०२४ पासून सिंगापूर आणि चीनमध्ये थोड्या दिवसांच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही. त्यामुळे दोन वेगळी तिकिटं असली आणि सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागलं, तरी अडकायला होत नाही.

भारतातला संदर्भ म्हणून मुलाचं नाव, पुण्याचा पत्ता आणि फोन. चीनमधला संदर्भ म्हणून तिथलाच कोणी भाऊ किंवा शेजारी, जो फोन उचलेल आणि व्याही भारतात का चाललेत ते सांगू शकेल.

फोटोत हमखास चूक होते. चिनी पासपोर्टचा फोटो ३३ बाय ४८ मिलिमीटरचा, म्हणजे उभट. भारताला चौकोनी, २ बाय २ इंच लागतो. घरातले उरलेले पासपोर्ट फोटो चालत नाहीत, आणि उभट फोटो ताणून चौकोनी केला तर चेहरा रुंद दिसतो. नवा काढा: पांढरी पार्श्वभूमी, चष्मा नाही, सावली नाही, कडा नाही. अपलोड केलेला आणि कागदावर चिकटवलेला फोटो एकच असावा. सही पासपोर्टवर जशी आहे तशीच, म्हणजे बहुधा चिनी अक्षरांत.

पुण्याहून पाठवायचे कागद

निमंत्रणपत्र साध्या कागदावर, इंग्रजीत, तारीख आणि सहीसह. त्यात बोलावणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, काम, येणाऱ्यांची पासपोर्टप्रमाणे नावं, जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक, नातं, कधी ते कधी, कुठे राहणार, खर्च कोण करणार. एक पान पुरे. भावना लिहायची जागा ही नव्हे. अधिकारी नातं आणि तारखा शोधत असतो. प्रत्येकाचं वेगळं पत्र करा, कारण अर्जही वेगवेगळे असतात.

सोबत मुलाच्या पासपोर्टची प्रत, पत्त्याचा पुरावा म्हणून महावितरणचं बिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार, आणि विवाह नोंदणीचा दाखला. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. आधार द्यायचंच झालं तर क्रमांकाचे पहिले अंक झाकलेली प्रत द्या.

व्याह्यांच्या बाजूनं नात्याचा पुरावा हवा. सून आणि आईवडील एकाच हुकोऊत असतील तर ती पानं पुरतात. लग्नानंतर तिची नोंद निघाली असेल तर चिनी नोटरी कार्यालयातून नात्याचा दाखला इंग्रजी भाषांतरासह काढतात. इथे अपोस्टीलच्या, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय करारानुसार मिळणाऱ्या शिक्क्याच्या, भानगडीत पडू नका: चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून त्या करारात असला तरी भारत आणि चीन यांच्यात तो लागू नाही. प्रमाणीकरण मागितलंच तर ते वकिलातीच्या मार्गानं होतं. बँकेचा दाखला आणि निवृत्तिवेतनाचा पुरावा इंग्रजीत मागून घ्यावा.

व्हिसा लागल्यावर

स्टिकर हातात पडताच, केंद्राबाहेर पडण्याआधी, नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रकार, किती वेळा प्रवेश आणि दोन्ही तारखा बघायला सांगा. व्हिसाची मुदत आणि एका भेटीत राहायचे दिवस या वेगळ्या गोष्टी आहेत. तीन महिने वैध असलेल्या व्हिसावर तीन महिने राहता येईलच असं नाही. नोंदणीची अट छापली असेल तर तिचा फोटो काढून पुण्याला पाठवा.

१ ऑक्टोबर २०२५ पासून भारतात येणाऱ्या परदेशी प्रवाशांसाठी ई-अरायव्हल कार्ड आहे. ते उतरण्याआधीच्या ७२ तासांत ऑनलाइन भरायचं, फुकट आहे, आणि सुनेनं पुण्यातून भरून दिलं तरी चालतं. व्याह्यांच्या हातात पुण्याच्या पत्त्याचा आणि मुलाच्या फोनचा इंग्रजी कागद द्या. इमिग्रेशनच्या खिडकीवर मोबाइल चालू होईलच असं नाही.

आणि सी फॉर्म. घरी परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते. हॉटेल ते स्वतः करतं, घरी मात्र ही जबाबदारी यजमानाची. त्यासाठी यजमानानं आधी आपल्या घराची नोंद करून लॉगिन घ्यायचं असतं, त्याला घराचा आणि ओळखीचा पुरावा लागतो, आणि मंजुरीला वेळ जातो. म्हणून हे काम पाहुणे येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी करा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण या पोलिसांच्या वेगळ्या हद्दी आहेत. बाणेर-वाकडच्या सीमेवर राहत असाल तर आपलं पोलीस ठाणं कोणत्या आयुक्तालयात येतं ते आधी बघा. भरल्यावर येणारी पावती छापून पासपोर्टसोबत ठेवा. पाहुणे चार दिवस सोलापूरला आत्याकडे मुक्कामाला गेले, तर तिथे सी फॉर्म आत्यानं भरायचा. तिला लॉगिन घ्यायला आत्ताच सांगा.